शेवंडीचं रक्त

उरणच्या एसटी स्टँडवर किशोरी अलिबागच्या गाडीची वाट बघत होती. मागच्या बाकावर दोन कोळणी रिकाम्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या, आणि आवाज काही दबका नव्हता.

"ठमे, माझी मृणाली जिंकली गो!"

"कसली शर्यत, नलू?"

"शर्यत न्हाय. आपली शेवंड, कालेजात तिला लॉबस्टर म्हणतात, तिच्या रक्तातला हार्मोन पोरगी मोजते. कुठली मादी अंड्यावर येणार, ते आधीच कळतं."

"मग इतके दिवस तोंड पाडून का फिरत होती?"

"तिचा बापूस शेवंडी ओल्या गोणत्यात घालून आणायचा, व्यापाऱ्याला देतो तशा. घरी येईस्तोवर अर्धमेल्या. आकडे सगळे चुकायचे. कालेजात काम बंद करायची भाषा सुरू झाली. शेवंड धरल्या धरल्या होडीवरच रक्त काढायला पायजे."

"आन् बापूस नेतो तिला होडीवर?"

"तो म्हणाला, बाईमाणसाचा पाय लागला का मासळी रुसते. पोरगी ऐकते काय! त्याच्या आधी जाऊन होडीत बसली."

"अगो बाय! मग?"

"रक्त काढलं, मोजलं. एक मादी टाकीत ठेवून म्हणाली, ही अंड्यावर येणार. परवा बघतात तर पोटाखाली अंडीच अंडी!"

अलिबागची गाडी लागली. किशोरी जागची हलली नाही.

"आन् मासळी? रुसली?"

"रुसते कसली! त्या दिवशी जाळं ओढायला माणसं कमी पडली. आता बापूस तिच्याबिगर होडी सोडत न्हाय. काल त्यानंच तिच्या म्याडमला फोन केला, 'उद्या पोरीला सुट्टी द्या, पापलेट लागलंय!'"