जाळीच्या आतली सून

तुमच्या सुना सासऱ्यांशी खुशाल गप्पा मारतात गं. आमच्या रोहण्याला चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी तशी रीत नव्हती. लग्नाला वर्ष होत आलं, तरी मामाजींशी, म्हणजे सासऱ्यांशी, माझा एक शब्द झाला नव्हता. ते माझ्याकडे बघतही नसत.

त्यांनी अंगणात लव्हबर्डसाठी जाळीचा मोठा पिंजरा बांधायला घेतला. ते बाहेरून तार ओवत आणि मी आतून टोक परत बाहेर सारी. शेवटी दाराच्या बिजागऱ्या राहिल्या. तोवर पडू नये म्हणून मामाजींनी दार तारेनं आवळलं आणि बिजागऱ्या आणायला आर्वीला निघाले. मी आतच.

सासूबाई शेतात, चुलीवर दूध. जाळीतून बोटही जाईना. मी बांगड्या वाजवल्या, खोकले, आतल्या आत येरझारा घातल्या. त्यांनी सायकल फाटकाबाहेर काढली, तेव्हा मात्र राहवेना.

"मामाजी, मी अंदर हावो. दूध उतू चाललं."

ते परत आले, पकडीनं तार कापली. मान खाली ठेवूनच म्हणाले, "मंग आधी काऊन नाई बोलली?"

"तुमच्यासंग बोलाची रीत नाई ना."

"हो, तेही खरं हाये," ते म्हणाले. मग कापलेली तार गुंडाळत, "आता बोललीच हायेस तर सांगतो. भाजीत मीठ कमी पडते. वर्षभरापासून सांगाचं होतं."