टाचणातली दहा मिनिटं

आदरणीय अध्यक्ष महोदय, संस्थेचे प्राचार्य, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, सहकारी बंधु-भगिनी, आजी-माजी विद्यार्थी आणि ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण आज जमलो आहोत ते आमचे पानेवाले मास्तर, सर्वांना माझा नमस्कार.

प्राचार्यांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मला मिनिटांचं गणित जमत नाही, असं मास्तरांचं गेली एकवीस वर्षं मत आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

नळकामाच्या वर्गाला मी थिअरी शिकवतो, दुसऱ्या मजल्यावर, फळ्यापाशी. मास्तर खाली वर्कशॉपमध्ये प्रॅक्टिकल घेतात. म्हणजे घेत होते. जिभेला अजून सवय झालेली नाही.

सुरुवातीला आम्ही एकमेकांच्या वाटेला जात नव्हतो. एका तुकडीला आधी थिअरी, दुसरीला आधी प्रॅक्टिकल. माझ्या तुकडीपुढे मी दोन महिने पाण्याच्या दाबावर बोललो. विद्यार्थ्यांनी परीक्षेत पानंच्या पानं भरली आणि खाली जाऊन मुख्य कॉक बंद न करताच पाइप सोडवला. तेव्हाचे प्राचार्य नेमके पाहणीला आले होते. ते नखशिखांत भिजले. इकडे मास्तरांच्या तुकडीतले विद्यार्थी असे सांधे जोडत होते की एक थेंब गळेल तर शपथ. पण सांडपाण्याच्या पाइपाला उतार द्यायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पाणी जागच्या जागी. आमच्या दोघांचीही खरडपट्टी निघाली.

तेव्हापासून दर शनिवारी चार वाजता वर दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत बसून आम्ही पुढच्या आठवड्याचं पाठाचं टाचण काढू लागलो. ऐंशी मिनिटांचा जोडतास. त्यात फळा किती आणि पाना किती, एवढाच प्रश्न.

"फळेवाले, चाळीस मिनिटं बोलणार? तोवर पोरांचे हात गंजतील."

"आणि उतार का द्यायचा ते न कळताच पाइप टाकतील, ते चालेल?"

"मग पाइप हातात देऊन सांगा ना. उलटा धरू दे, पाणी अंगावर येऊ दे, मग कारण सांगा. जन्मात विसरायचे नाहीत."

हे पटायला मला तीन वर्षं लागली. आता आमच्या टाचणात आधी अडचण हातात येते, मग फळा, मग पुन्हा पाना. फळ्याला तीस मिनिटं, हाताला पन्नास. नव्या शिक्षकांनी एवढं लिहून घ्यावं. बाकीचं भाषण नाही घेतलं तरी चालेल.

बाकीचं म्हणजे काय? बायकोला जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगा दूर देशी असतो, फोन करतो, तब्येत विचारतो, ठेवतो. घरात फ्रिज सोडला तर कुणी आवाज करत नाही. आठवड्यात माझ्याशी भांडणारा माणूस एकच, तोही शनिवारी चार ते पाच.

सांगायला लाज वाटते, पण आज नाही तर कधी सांगणार? तीस-पन्नास आमचं केव्हाच ठरलं होतं. तरी मी दर शनिवारी कच्च्या टाचणात चाळीस लिहून ठेवत होतो. मुद्दाम. तीस लिहिलं असतं, तर मास्तर सही करून लगेच खाली गेले असते.

एकदा माझ्या हातून चुकून तीसच लिहिलं गेलं. मास्तरांनी वही पाहिली, खुर्ची ओढली, निवांत बसले आणि म्हणाले, "पंचवीस करा." त्या दिवशी आम्ही सहापर्यंत भांडलो. कशासाठी, ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

एकवीस वर्षांत आम्ही दुसरं काही बोललोच नाही हो. त्यांच्या नातवंडांची नावंही मला ठाऊक नाहीत. नवे वर्कशॉपवाले अजून रुजू व्हायचेत, म्हणून गेल्या शनिवारी मी एकट्यानेच टाचण काढलं. लगेच झालं. मग पाच वाजेपर्यंत तसाच बसून राहिलो. फार एकटं वाटलं.

आयोजकांचे, पाहुण्यांचे आणि इतका वेळ चुळबुळ न करता ऐकलंत म्हणून तुम्हा सगळ्यांचे आभार. काही अधिक-उणं बोललो असेन तर पोटात घाला. मास्तर, तुमची मात्र वेगळी माफी मागायची आहे. गुडघा दुखत असताना दर शनिवारी तुम्ही दोन जिने चढून येत होता, ते माझ्या खोट्या दहा मिनिटांसाठी.

माझं घर तळमजल्यावर आहे. येत्या शनिवारी चार वाजता या. काम काही नाही. नुसतं या.