काटकीची खिंड

ऐका. आन् भिवा, तू जरा मागं सर की. एवढा ट्रक चालवतोस आन् शेकोटीला मांजरागत चिकटतोस. मिशा जळल्या तर बायको दारात घ्यायची न्हाई. हसा, हसा. पुढं हसू यायचं न्हाई.

तर एक गडी व्हता. जीपवाला. नाव सांगत न्हाई, विचारू नका. पौषाच्या पुनवेला, अंधार पडल्यावर, बायकोला म्हायेरास्नं घेऊन निघाला. तिच्या मांडीवर तान्हं पोर. सरळ सडकेनं यायचं, तर ह्येची हौस. म्हनला, "चल, चांदन्यात धरन दावतो."

बायको म्हनली, "अहो, पोराला गारठा बाधंल."

"काचा लावू की."

आन् खरं सांगू, वाट देखनीच व्हती. एका अंगाला डोंगर, एका अंगाला पानी. एक वळन सरलं की पुन्हा पानी. त्यावर धुकं, दुधावर साय धरल्यागत. ती बाय काचेला नाक लावून बसली. उभ्या जन्मात तिला कुनी काय दावलं नव्हतं.

मग आली खिंड. काटकीची खिंड. तिथं वाटंच्या कडेला लाकडांचा ढीग असायचा. जानारा-येनारा एक काटकी टाकायचा आन् म्हनायचा, "शेक गं बाई." धरनात गाव बुडालं, तवा एक बाई तान्हं घेऊन पान्यातनं भिजत निघाली. खिंडीत रात झाली. जाळायला काय घावलं न्हाई. सकाळी दोघं बी गारठून पडलेली. तवापासनं ती रीत.

नेमकी तिथंच जीप बंद. आता ह्यो शहाना काय करतो? उतरला, ढिगातलीच लाकडं वढली आन् जाळ केला.

बायको म्हनली, "अहो, ती तिची हायती."

"ती काय बघाया येतीया?"

जाळ झाला. पर ऊब न्हाई. ह्येनं हात पार आत घातला. गार. विहिरीत घातल्यागत गार.

तसा पळाला. चावी फिरवली, जीप लगीच सुरू. पहिल्या वळनाला बाई हुबी. लुगडं वलंचिंब, छातीशी बोचकं. पुढल्या वळनाला तीच. त्याच्या पुढं परत खिंड. तीच खिंड, त्योच जाळ. पळवतोय, पळवतोय, वाट सरंना. दिवं मंद झालं. मागच्या शिटावर कुनीतरी अंगाई म्हनाया लागलं. हळू, पोर उठू नये अशी.

आन् बायको म्हनली, "अहो. पोर गार पडलंय."

मागनं आवाज आला. "माझी लाकडं जाळलीस. आता माझं लेकरू कशावर शेकू? तुझं दे. ऊन-ऊन हाय."

गडी स्टेरिंग धरून थिजला. बायको मात्र मागं वळली. म्हनली, "पोर न्हाई देनार. पर थांब." पोराच्या अंगावरची गोधडी काढली, तिच्या आयनं शिवलेली. त्या बोचक्याला गुंडाळली. आपलं पोर पदराखाली घेतलं. म्हनली, "आमचं चुकलं बाई. दर पौषात मोळी आनून टाकीन. मी जित्ती हाय तवर."

तवा मागची बाई येवढंच म्हनली, "नीट झाक गं त्येला. पाय उघडं हायती."

आन् पोर रडलं. मागं बघितलं तर कुनी न्हाई. शीट तेवढं वलं.

पोर वाचलं. पर त्यो गारठा त्येच्या हाडातनं कधी निघाला न्हाई. जिथं बसंल तिथं जाळाला चिकटून बसतंय.

नको सरू मागं, भिवा. बस तिथंच.

तुझी आय दर पौषात म्हायेरी जाते म्हनायची. तिच्या म्हायेरी कोन उरलं व्हतं रं? डोईवर मोळी घेऊन कुनी म्हायेरी जातं व्हय? मला म्हनलेली, "भावजी, मी हाय तवर पोराला सांगू नका."

आता रातचं त्या वाटंनं कुनी जायचं न्हाई. ढिगाला हात लावायचा न्हाई. म्हनजे, ढीग तरी कुठला आता? नवी सडक झाली, तिकडनं कोन जातंय. एकटी तुझी आय जायची. ती दिवाळीआधी ग्येली, आन् परवा पौष लागला.

ए, ती लाकडं जाळात नका घालू. ऱ्हाऊ द्या बाजूला. सकाळी भिवाला लागतील.