बसूनच तर असतो

...आणि वर मलाच म्हणतात, "इओआने, आता जरा बसून राहा." अहो, बसूनच तर असतो मी! वीस वर्षं आपिया शहराची प्रवासी बस चालवली, ती काय उभा राहून? तुम्हाला सांगतो, एका माणसाच्या किडन्या गेल्या की अख्ख्या गावाला डॉक्टरकी येते. नारळपाणी बंद, तारोचे कंद बंद, पाणी दिवसाला दोन पेले, आणि तिसरा मागितला की बायको, फुआतिनो, मडकंच उचलून नेते. आठवड्यातून तीनदा रक्त धुवायचं मशीन, चार-चार तास... तिथंही बसूनच!

फुआतिनो म्हणायची, नोकरी सोड, चालवताना काही झालं तर? मी म्हणायचो, सोडून करू काय? घरी मी नुसता पेशंट. गाडीत निदान ड्रायव्हर तरी असतो. खरं सांगतो, मरायची भीती नव्हती, निकामी व्हायची होती.

मग तो गुरुवार. आदल्या दिवशी मशीन झालेलं, अंगात त्राण नाही. गाडी गच्च. आमच्याकडे जागा संपली की कुणी उभं राहत नाही, सरळ दुसऱ्याच्या मांडीवर बसतात, ओळख असो नसो. चर्चपाशी थांबलो, तिथून रोज चढणाऱ्या म्हाताऱ्या मासिना आजींना वेळ लागतो, म्हणून स्टिअरिंगवर जरा डोकं टेकलं... आणि डोळे उघडले तर पाऊण तास उलटलेला! मागं बेचाळीस माणसं, एकमेकांच्या मांडीवर, चिडीचूप. एरवी कान फुटतील अशी वाजणारी गाणीसुद्धा कुणीतरी बंद केलेली. कुणाचं ऑफिस, कुणाची शाळा, टोपलीतली मासळी उन्हात... पण कुणी हूं की चूं नाही. म्हटलं, उठवायचं नाही का मला?

मासिना आजी म्हणाल्या, "झोप लागली होती रे तुला. आम्ही काय, बसूनच तर होतो."

तुम्हाला सांगतो, शिव्या घातल्या असत्या ना, तर आजही चालवत असतो. पण एवढी माणसं माझी झोप राखत बसली, आणि तीच झोप चालत्या गाडीत, त्या समुद्राकडच्या वळणावर लागली असती तर? मांडीवरच्या माणसाला धरायलासुद्धा काही नसतं हो. संध्याकाळी मालकाच्या हातात किल्ली दिली आणि रडलो. गुपचूप नाही, चांगला भोकाड पसरून.

आता त्याच गाडीनं मशीनकडे जातो. परवा जागा नव्हती, तर मासिना आजींनी आपली मांडी थोपटली. एके काळी मी एकशे वीस किलोचा! म्हटलं, "आजी, पाय मोडतील तुमचे."

"बस रे. तुझ्यात आता राहिलंय काय?"

बसलो. नवा ड्रायव्हर वळणावर ब्रेक फार उशिरा मारतो, मग माझा उजवा पाय आपसूक खाली दाबला जातो... थेट आजींच्या पावलावर. दर वळणाला. त्या पाऊल काही मागे घेत नाहीत. काय करणार... बसूनच तर असतो.