कधीच न अडणारी लायब्ररी

एसीत बसून बटणं दाबायची, तुला कसला गं ताप, असं म्हणतेस ना? मग ऐक.

आमच्या पवईच्या ऑफिसात एक अ‍ॅप बनतंय. तुझ्या गुंतवणुकीवर वर्षाला किती टक्के सुटले, ते हे अ‍ॅप सांगणार. उद्या त्या आकड्यावर विसंबून कुणी नोकरी सोडेल. या गणितासाठी तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी आधीच लिहून ठेवलेला कोड, घ्यायची होती. तिला आपण एक अंदाज द्यायचा, मग ती तिथून शोधत शोधत खऱ्या उत्तरापर्यंत जाते.

मी निवडलेली लायब्ररी जुनी, पण खणखणीत. उत्तर मिळालं नाही तर सरळ सांगते, नाही मिळालं. आमचे मॅनेजर राणे सर, त्यांना नेमकं तेच खुपलं. "ही सारखी अडते गं. ही दुसरी बघ, एकदाही अडली नाही. हीच घेऊ."

मला संशय आला. जुनी ज्या हिशेबावर अडली होती, तोच मी सरांसमोर दुसरीला घातला. अंदाज दिला बारा. उत्तर आलं बारा. सात दिला, तर सात! म्हणजे उत्तर सापडलं नाही की बाईसाहेब आपलाच अंदाज गुपचूप आपल्या हातात ठेवतात. माझं डोकंच फिरलं यार. मी सरळ नऊशे टाकले.

"बघा सर, नऊशे टक्के! हे दाखवायचं लोकांना?"

तर सर माझ्यावरच उखडले. "मग नऊशे टाकतेसच कशाला? बरोबर उत्तर टाक ना!"