चालता पट्टा

हाताचं प्लास्टर निघणार म्हणून मी नुसती हवेत होते! दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर कारखान्याच्या गणवेशातल्या दोघी बसल्या होत्या, एक ताई आणि एक मावशी.

“मावशी, ती कामावर माझ्या शेजारीच कोसळली हो. हात दिला असता तर डोकं आपटलं नसतं.”

“चालता पट्टा सोडून?”

“माझं बोट अडकलं तेव्हा ती आलीच की सोडून!”

“आणि साहेबांनी आठवडाभर घरी बसवलं तिला. सगळ्यांनी बघितलं ते.”

“कंपनीची झाडं लावायला मात्र कशा धावलो.”

“तेव्हा पट्टा बंद होता, पोरी. शिवाय फोटोवाला होता.”

“आता तोंड कसं दाखवू तिला?”

तेवढ्यात नर्स बाहेर आली.

“तुमची मैत्रीण शुद्धीवर आली.”

“काही म्हणाली?”

“एकच विचारतेय, ‘माझ्यापायी कुणी जागा सोडली नाही ना?’”