जादाच्या खाचा

हात नका लावू साहेब, आधी सांगा—बूस्ट किती? डिझेल गाडी आहे, टर्बो आहे, बूस्ट वाढवायचाय, हेड गॅस्केट कुठलं टाकू—हे तुम्ही दोनदा बोललात, मी बहिरी नाहीये. पण आकडा? बघा, हसले. अहो हसताय काय, जो खरंच इंजिन बांधतो ना तो दुकानात पाय टाकायच्या आधी आकडा फेकतो—पंचवीस पीएसआय, तीस पीएसआय हवेचा दाब, जसं काय दिवा स्टेशनावरून रॉकेट सोडणारे. आमच्याकडे येतात ना ती पोरं, दहावीला मी पण लटकलेली आणि ती पण लटकलेली, पण बूस्टचा आकडा झोपेतून उठवून विचारा. आणि तुम्ही काय म्हणता? 'तूच सांग.' तूच सांग म्हणे! आणि नखं बघा तुमची, लग्नाला निघाल्यासारखी. आणि तो फोन खिशात असा का ठेवलाय, कॅमेरा बाहेर करून? उलटा करा. नाही करा ना, मला बरं वाटेल.

कंपनीकडून आलात ना? डुप्लिकेट माल पकडायला? खरं बोला, मी कोणाला सांगणार नाही—म्हणजे बाबांना सांगेन, पण ते ठाण्याला माल आणायला गेलेत, येतीलच एवढ्यात. मागे पण एक आलेला असाच, गोड गोड बोलत, ताई हे दाखवा ताई ते दाखवा, मी त्याला पाऊण तास हॉर्नच दाखवले. प्रत्येक हॉर्न वाजवून. शेवटी कानात बोटं घालून पळाला. नंतर कळलं, बिचारा खरंच गॅस्केटच घ्यायला आलेला. असो. आमच्याकडे डुप्लिकेट नाहीये. वरच्या फळीवर आहे ते डुप्लिकेट नाही, ते लोकल आहे. फरक असतो. काय फरक? ते बाबांना विचारा.

नाही, त्या स्टुलावर नका बसू, तो जगनकाकांचा—म्हणजे आता माझाच, मीच बसते, पण त्याचा एक पाय आखूड आहे, नव्या माणसाला पाडतो. जगनकाका आमचे काउंटरवाले. बावीस वर्षं इथे, हे मानपाडा रोडवरचं अर्धं ट्रॅफिक त्यांच्या हातच्या स्पेअरवर चाललंय म्हणा. आता नाहीत. काय झालं काय? काही नाही झालं. गेले. तुम्हाला गॅस्केट पाहिजे की जगनकाका पाहिजेत?

हां. तर ऐका. साधी गाडी, ऑफिसला न्यायची-आणायची, तर हे चालतं—पत्र्यावर दाबलेल्या पुठ्ठ्यासारखं. पण टर्बोनं हवा कोंबकोंब कोंबलीत ना आत, की हेड, म्हणजे ब्लॉकवरचं झाकण, वर उठायला बघतं, कुकरचं झाकण कसं करतं तसं—आणि मग हा पुठ्ठा दोन सिलेंडरच्या मधे, ही बघा ना, इथे त्याची कंबर बारीक आहे, इथून फुटतो. पाणी ऑइलमधे, ऑइल पाण्यात, रेडिएटर उघडला की आत चहा. खरंच, दूध जास्त टाकलेला चहा. म्हणून बूस्टवाल्यांनी हे घ्यायचं—स्टीलचं, तीन-चार पातळ पत्रे एकावर एक, स्प्रिंगसारखे दबतात, हेड उचललं तरी सोबत उचलतात. पण ह्याचे नखरे लय. हेड आणि ब्लॉक दोन्ही गुळगुळीत घासून आणायचे, फेसिंग, आणि जुने बोल्ट परत नाही लावायचे. तांब्याचं? तांब्याचं कोणी भरवलं तुमच्या डोक्यात? ते रेसवाल्यांचं, पाणी गळतं त्यातून, रोज कोण उघडत बसणार. मला कसं माहीत? जगनकाकांनी शिकवलं. शाळेत जे बारा वर्षांत नाही ते इथे—बरं बारा नाही, दहा. दहा आणि अर्धं.

एक मिनिट. तो डबा तुम्ही परत कसा ठेवला आत्ता? फुंकर मारून, लेबल पुढे करून. गिऱ्हाईक कधी असं ठेवतं? गिऱ्हाईक फेकतं. कोण आहात हो तुम्ही?

बरं, राहू दे. आता जाडी. ह्या कडेला खाचा दिसतात? एक खाच म्हणजे पातळ, दोन म्हणजे मधलं, तीन म्हणजे सगळ्यात जाड. फरक किती, कागदाएवढा. पण पिस्टन वर आला की ब्लॉकच्या बाहेर किती डोकं काढतो ते मोजायचं, आणि जितकं जास्त डोकं काढेल तितकं जाड गॅस्केट. नाहीतर पिस्टन जाऊन हेडला टक्कर देतो. बूस्टवाले ब्लॉक घासून घासून आणतात, त्यांचा पिस्टन जास्तच वर येतो, त्यांना तीन खाचांवालंच लागतं. म्हणून इथे तीन हूक—एकवालं, दोनवालं, तीनवालं. हे घ्या तीनवालं. मेकॅनिक काही जाडी मोजत नाही हां, खाच मोजतो. खाचेवर सगळ्यांचा डोळे मिटून—

का चोळताय? खाचेवर बोट का चोळताय तुम्ही? नवीनच आहे तो पीस, कंपनीची खाच आहे, कानसबिनस कोणी मारलेली नाहीये त्याला. काय? मी कुठे म्हटलं कानस? तुम्ही म्हणालात. नाही म्हणालात? मग मी म्हटलं असेल. असंच तोंडात आलं. कानस हा शब्दच आहे ना, बंदी आहे का?

अच्छा. अच्छा, आता कळलं. विनीतनं पाठवलं तुम्हाला. दिव्याचा विनीत, गॅरेजवाला, त्याचं इंजिन ठोकलं म्हणून. अहो मग सरळ बोला ना! त्याचं इंजिन ठोकलं ते आम्हाला वाईट वाटलंच, बाबांनी त्याला नवीन पिस्टनसुद्धा दिले, अजून काय पाहिजे? जीव गेला नाही ना कोणाचा. चालू केल्या केल्या टक-टक-टक आवाज आला, त्यानं बंद केलं, उघडलं, तर चारही पिस्टनच्या डोक्यावर चकचकीत चंद्रकोर. रस्त्यावर काढली असती गाडी, शिळफाट्याच्या उतारावर—नको, ते मी रोज रात्री मनात बघते, परत नको. आला इथे ओरडत, मायक्रोमीटर आपटला काउंटरवर, खाचा तीन आणि जाडी एकची! दोन खाचा नंतर मारलेल्या! बाबांचं तोंड असं झालेलं. मग जगनकाकांचा ड्रॉवर उघडला, तर त्यात बारीक कानस, आणि तिच्या दातांत ताजा चुरा. झालं. पातळ माल खपत नव्हता म्हणून जगननं खाचा मारून खपवला—असं ठरलं. बावीस वर्षं, आणि दहा मिनिटांत ठरलं.

मी नव्हते तेव्हा, हे सगळं नंतर ऐकलेलं. मी कोपर गावात. मालन आत्याच्या पोरीची हळद होती, आमच्यात हळद म्हणजे काय ते माहितीय ना तुम्हाला, लग्न राहतं बाजूला आणि हळदीला गाव लोटतो. दोन दिवस नुसती नाचत होते. परत आले तर स्टूल रिकामा.

असे नका बघू. मी काय केलं? मी काहीच—

अहो गंमत होती ती! तुम्हाला माहीत नाही, जगनकाकांची एक खोड होती. डोळे मिटून, बोटानं खाचा मोजायचे. मी कुठलंही गॅस्केट हातात द्यायची, ते कडेवरून बोट फिरवायचे, 'एक', 'तीन', 'अगं दोन, मला काय येडा समजतेस?' कधी नाही चुकले. दीड वर्षात एकदा नाही. मला नुसतं चिडवायचे, 'रसिकाबाई, तू दहावी कर, माझं बोट तुझ्याकडून हरणार नाही.' म्हणून मी एकवालं घेतलं, त्यांच्याच कानशीनं दोन खाचा मारल्या, एकदम सफाईनं, आणि तीनवाल्या हुकावर लावलं. दुपारी जेवण झालं की हातात देणार, ते बोलणार तीन, मी बोलणार हरलात, आणि मग एक आठवडा चहा त्यांनी आणायचा. एवढंच. एक आठवडा चहा. आणि तेवढ्यात बाबांनी हाक मारली, आत्याचा फोन, चल आवर, रिक्षा उभी आहे. आणि मी गेले, गॅस्केट हुकावरच राहिलं, आणि काकांनी तेच विनीतला दिलं. कानस जागेवर ठेवून गेले हां! वस्तू जिथली तिथे—हे पण त्यांनीच शिकवलेलं.

तुम्ही म्हणाल त्यांना दिसलं कसं नाही, नवीन कापलेलं स्टील कसं चमकतं, लांबून कळतं. तेच तर! त्यांना दिसतच नाही धड. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आलाय, उजवा पण धुरकट. दीड वर्ष झालं. बाबांना माहीत नाही, कोणालाच माहीत नाही, मला माहितीय, कारण मी एकदा बिल उलटं धरलेलं त्यांच्यासमोर आणि ते म्हणाले, 'हां बरोबर आहे.' म्हणून तर बोटानं मोजायचे. गंमत नव्हती ती त्यांची. गंमत माझीच होती. आणि बाबा ओरडत होते तेव्हा एवढंच बोलायचं ना, मला दिसलं नाही—पण ते बोलले असते तरी नोकरी जाणार, आणि मग दुसरं कोण ठेवणार? म्हणून गप्प. चोर म्हणवून घेतलं, आंधळा नाही म्हणवून घेतलं. भावना, त्यांची मुलगी, तिनं सांगितलं मला, घरी पण काही बोलले नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसतात.

बाबांना? नाही सांगितलं. सोळा दिवस झाले. रोज सकाळी ठरवते शटर उघडलं की सांगायचं. मग शटर उघडतं आणि कोणीतरी ऑइल फिल्टर मागतं.

पण हे मी तुम्हाला का सांगतेय? तुम्ही काही विचारलं पण नाही! पोलीसवाले असता तर निदान एक चापट मारून विचारलं असतं. हे तीनवालं घेताय की नाही? बिल कोणाच्या नावानं करू, ते बोला. कार्ड? द्या.

महिपत ऑटो स्पेअर्स, कल्याण. काउंटर सेल, होलसेल.

दुकानवाले आहात तुम्ही.

म्हणून लेबल पुढे. अहो शेठ, ज्याचं स्वतःचं दुकान गॅस्केटनी भरलंय तो डोंबिवलीला गॅस्केट विचारायला का—थांबा. थांबा, बोलू नका. नवीन काउंटरवाला ठेवायचा असेल तर आधी जुन्या दुकानात जाऊन, गिऱ्हाईक बनून, गुपचूप माणसाची चौकशी करून यायची. बाबा पण असंच करतात. जगनकाका आले तुमच्याकडे. काम मागायला. हो ना? मान हलवा नुसती.

देवा. आणि तुम्ही विचारायला आलात की माणूस चोर आहे का. नाही शेठ, चोर नाहीयेत ते, आईशप्पथ नाहीयेत, चोर मी—ठेवा त्यांना, उद्यापासून ठेवा, कुठलाही पार्ट बोटावर ओळखतील, तुम्ही नुसता हातात—

डोळ्यांचं मी सांगितलं तुम्हाला.

सांगितलंच ना. मोती पण सांगितला, उजवा पण सांगितला. त्यांनी सोळा दिवस दात आवळून जे पोटात ठेवलं ते मी फुकटात, काउंटरवर पसरून. आता नाही ठेवणार तुम्ही. नाही ना? खिशात का घालताय कार्ड परत?

नका ठेवू. नकोच ठेवू. ऐका शेठ, ते तुमच्याकडे नाही येणार, ते इथेच बसणार, ह्याच लंगड्या स्टुलावर, आणि डोळ्यांचं काय ते आम्ही बघू, मी वाचून दाखवेन त्यांना, बिल सरळ धरून. तुम्ही दुसरा शोधा.

तो हॉर्न ऐकलात? बाबांची ॲक्टिव्हा आहे, मीच बदललाय तो, ट्रकचा बसवलाय. कोपऱ्यापर्यंत आले. तुम्ही निघा. गॅस्केट ठेवा, तुम्हाला लागत नाही ते. पाया पडते, निघा आता, मला जे बोलायचंय ते तुमच्यासमोर नाही बोलायचं.

आणि शेठ—जाताना शटर अर्धं खाली ओढून घ्या. नाहीतर बाबांचा आवाज रस्त्यापर्यंत जाईल.